आधी पाठीखालचं बघा

नमस्कार भाऊ,

मी शिरपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या जानेवारीत आम्ही मैत्रिणी तोरणमाळला तंबू लावून राहिलो. स्लीपिंग बॅग शून्य अंशाची म्हणून घेतलेली होती, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वरून ऊब वाटायची, पण ज्या कुशीवर झोपू ती बाजू गारठून जायची. खाली योगा मॅट होती. येत्या डिसेंबरच्या शेवटी आम्ही पाच जणी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातोय. सोबत तिथला वाटाड्या असेल, पण सामान आपापल्या पाठीवर. त्याआधी सराव म्हणून पुन्हा तोरणमाळ. दुकानदार म्हणतो, जाड स्लीपिंग बॅग घ्या. धाकटा भाऊ म्हणतो, हवा भरायची गादी घे, चार बोटं जाड असते. माय म्हणते, “गोधडी लई जाय.” इन्सुलेटेड मॅट आणि आर-व्हॅल्यू हे शब्द वाचलेत, पण नीट उमगलं नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच, सवय कुशीवर झोपायची, हाताशी आठ हजार रुपये. काय घेऊ? दोघींत एक डबल मॅट घेतली तर वजन वाचेल का?

— एक शिक्षिका, शिरपूर

ताई,

ज्या कुशीवर झोपू ती बाजू गारठून जायची, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. नवी स्लीपिंग बॅग घेऊ नका. आठही हजार पाठीखाली घाला.

स्लीपिंग बॅगेत ऊब असते ती तिच्या फुगीरपणात. पिसं असोत की कृत्रिम तंतू, त्यांच्यात अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही बॅगेत शिरून आडव्या झालात की खालची बाजू तुमच्या वजनाने चेपते, हवा निघून जाते आणि कंबर-खांद्याखाली उरतं ते फक्त दोन-तीन पदरी कापड. मग बॅग कितीही महाग असली तरी त्या बाजूने तिचा उपयोग फारसा होत नाही. आपल्याकडे रब्बीच्या दिवसांत खळ्यावर राखणीला झोपणारा माणूस आधी कडब्याच्या पेंढ्या अंथरतो आणि मग गोधडीचा विचार करतो. त्याला जे ठाऊक आहे तेच मॅट निवडताना करायचं आहे.

थोडा हिशेब मांडून बघू, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला आवडेल. झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॉट उष्णता तयार करतं. कातडीचं तापमान ३३ अंश धरा, जमिनीचं शून्य, आणि जमिनीला टेकलेलं अंग सुमारे ०.४ चौरस मीटर. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतेला अडवण्याची ताकद, १ असेल तर केवळ खालून ७५ वॉटच्या आसपास उष्णता निघून जाते. म्हणजे शरीर रात्रभर जेवढं कमावतं तेवढं सगळं जमीन घेऊन जाते. आर २ असेल तर हा आकडा ३७ वर येतो आणि आर ५.५ ला १४ वर. बॅगेचं चेपलेलं कापड आणि अंगातले कपडे यांनी आकडे कमी होतील, पण क्रम हाच राहील. तुमची योगा मॅट पाच-सहा मिलिमीटरची असणार. तिची आर १ सुद्धा भरत नाही. तोरणमाळला झोप लागली नाही ती यामुळे. तुमची बॅग किंवा तुमची सहनशक्ती कमी पडली असं मुळीच मानू नका.

आर-व्हॅल्यूचा आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त. २०१८ मध्ये ती मोजण्याचं एएसटीएम एफ३३४० नावाचं प्रमाण आलं आणि २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी ते वापरायला सुरुवात केली. त्यात फुगवलेली मॅट एका तापवलेल्या आणि एका थंड ठेवलेल्या पाटीमध्ये दाबून धरतात, आणि तापमानातला फरक टिकवायला किती वीज लागते त्यावरून आकडा काढतात. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, म्हणून जुन्या मॅटवरच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. कोणी ओळखीच्याने जुनी मॅट देऊ केली तर हे लक्षात असू द्या. काही युरोपीय मालावर ०.५ किंवा ०.६ असा छोटा आकडा दिसतो. तो मेट्रिक एककातला असतो. त्याला ५.७ ने गुणलं की आपल्याला हवा तो आकडा मिळतो.

आता दुकानदाराच्या बोलण्याकडे येऊ. स्लीपिंग बॅगेवर तापमान लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ २३५३७, त्याआधीचं ईएन १३५३७. त्या चाचणीत गरम केलेला पुतळा बॅगेत घालून मॅटवर झोपवतात, आणि ती मॅट जवळजवळ आर ५ ची असते. म्हणजे बॅगेवर शून्य अंश लिहिलंय ते खाली तेवढी मॅट आहे असं धरून. योगा मॅटवर ती बॅग शून्याची राहतच नाही. शिवाय त्या प्रमाणात दोन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ हा सर्वसाधारण स्त्रीला धरून काढतात आणि ‘लिमिट’ हा सर्वसाधारण पुरुषाला धरून. बरेच विक्रेते लिमिटचाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तुमच्या बॅगेच्या आतल्या पट्टीवर कम्फर्टचा आकडा आहे का ते बघा. तिथे कुठल्याच प्रमाणाचा उल्लेख नसेल, तर ‘शून्य’ हा आकडा विकणाऱ्याचा अंदाज समजा आणि केदारकंठ्यासाठी बॅग भाड्याने घ्या. पण ती नंतरची गोष्ट. आधी मॅट.

तुमच्या भावाचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्यात एक मोठी फसगत आहे आणि ती अनेकांची होते. जाडी म्हणजे ऊब नव्हे. नुसती हवा भरलेली गादी चार बोटं जाड असली तरी तिची आर १ च्या आसपासच राहते. आत मोकळी पोकळी असते. अंगाची उष्णता किरणांच्या रूपाने त्या पोकळीतून थेट खालच्या गार पडद्यावर जाते, आणि तुम्ही कूस बदललीत की आतली हवा ढवळून खालचा गारवा वर येतो. इन्सुलेटेड मॅटमध्ये नेमकं हेच थांबवलेलं असतं. काहींत कृत्रिम तंतूंचा थर असतो, काहींत पिसं, तर काहींत उष्णता परत फेकणारे चकचकीत पातळ पडदे एकावर एक लावून पोकळीचे लहान लहान कप्पे केलेले असतात. थर्मारेस्ट कंपनीची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ही या शेवटच्या प्रकारातली. वजन चारशे ग्रॅमच्या आत आणि आर ४.५. तिचीच थोरली बहीण एक्सथर्म एनएक्सटी आर ७.३ ची, वजनात थोडीच जास्त. वस्तू उत्तम आहेत, पण आपल्याकडे त्यांची किंमत वीस हजारांच्या घरात जाते. तुमच्या कामाला त्यांची गरज नाही, म्हणून मी त्या सुचवत नाही.

मधला एक प्रकार आहे, झडप उघडली की आपोआप फुगणारी मॅट. आत स्पंजासारखा फोम असतो, तो हवा ओढून घेतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये बोइंगची नोकरी गेलेल्या अभियंत्यांनी ती बनवली आणि तिथूनच थर्मारेस्टचा जन्म झाला. उबदार असते, टिकतेही, पण पुरेशी ऊब हवी तर वजन पाऊण-एक किलोवर जातं आणि घडीही मोठी होते. गाडीने जाऊन मुक्काम करणाऱ्याला ती चांगली. पाठीवर सगळं घेऊन बर्फात चढणाऱ्या पाच फूट दोन इंचांच्या बाईला मी ती सांगणार नाही.

आता तुम्ही घ्यायचं काय ते सांगतो. दोन मॅट घ्या, एक फोमची आणि एक हवेची इन्सुलेटेड. आर-व्हॅल्यूची सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की ती बेरजेने वाढते. फोमची २ आणि हवेचीची ३.५ असेल तर दोन्ही मिळून साडेपाच.

फोमची घ्यायची ती बंद पेशींची. बोटाने दाबून सोडली की लगेच वर येते आणि पाण्यात बुडवली तरी पाणी पीत नाही. आपल्या ट्रेकरांकडे गुंडाळून बांधलेली दहा मिलिमीटरची कॅरीमॅट असते ती याच जातीची, पण तिची आर एक ते दीडच्या दरम्यान. घडी पडणारी, वर खळगे-उंचवटे असलेली फोम मॅट मिळाली तर ती घ्या. चांगल्या कंपनीची अशी मॅट आर २ ची आणि सव्वाचारशे ग्रॅमच्या आतबाहेर असते. देशी बनावटीची हजार-दीड हजारांत शोधा. न मिळाल्यास दहा मिलिमीटरच्या दोन साध्या कॅरीमॅट एकावर एक टाकल्या तरी काम तेच होतं, फक्त पिशवीला बाहेर बांधायला जागा जास्त लागते.

उरलेले साडेसहा-सात हजार हवेच्या मॅटला. दुकानात जाऊन आर-व्हॅल्यू छापलेली बघा. किमान ३, जमल्यास ३.५. डब्यावर नुसतं ‘विंटर’ किंवा ‘थर्मल’ लिहिलंय आणि आकडा नाही, तर ती सोडून द्या. आकडा सांगायला न कचरणारी कंपनी घ्यावी, एवढं मी आग्रहाने सांगेन. शिरपुरात किंवा धुळ्यात हा माल हाताळून बघायला मिळणं अवघड. नाशिकला एखाद्या शनिवारी जाऊन यावं. दुकानात मॅट फुगवून, चपला काढून, तिच्यावर कुशीवर पडून बघायला लाजू नका. पाठीवर झोपणाऱ्याला पाच सेंटिमीटर जाडी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि कंबरेच्या हाडावर येतं, तुम्हाला सात-आठ सेंटिमीटर लागतील. मैत्रिणीला कंबरेखाली हात सरकवायला सांगा. हाताला खालची जमीन लागत असेल तर थोडी हवा भरा, अंग गडगडत असेल तर थोडी सोडा. कूस बदलताना मॅट कुरकुर वाजते का तेही ऐकून घ्या, तंबूत शेजारी चौघी झोपणार आहेत.

लांबीला नेहमीची मॅट १८३ सेंटिमीटर असते. तुमच्या उंचीला १६८ ची मिळाली तर वजनही वाचेल. रुंदी मात्र ५१ सेंटिमीटरहून कमी घेऊ नका. अरुंद मॅटवर कुशीवर झोपलं की वाकवलेला गुडघा बाहेर जमिनीवर जातो आणि तिथून थंडी शिरते. काही जण वजन वाचवायला कंबरेपर्यंतचीच मॅट घेतात आणि पायाखाली रिकामी सॅक टाकतात. उन्हाळी ट्रेकला ते चालतं. बर्फावर करू नका.

तोरणमाळ आणि केदारकंठा या दोन वेगळ्या थंड्या आहेत. सातपुड्यात हजार-बाराशे मीटरवर जानेवारीत पारा एक आकडी होतो, आणि अक्कलकुव्याच्या डाब-वालंब्याकडे पहाटे दव गोठल्याच्या बातम्या दर काही हिवाळ्यांनी येतातच. तरी जमिनीत दिवसभराचं ऊन मुरलेलं असतं. तिथे आर ३ ते ४ पुरेशी, म्हणजे एकटी हवेची मॅटही भागवेल. केदारकंठ्याचं शिखर १२,५०० फुटांवर. डिसेंबरअखेर मुक्कामाच्या जागी बर्फ असतं आणि रात्री तापमान शून्याखाली बरंच जातं. बर्फावर दोन्ही मॅट लागतीलच, पाचच्या वर आकडा हवाच.

तोरणमाळला मात्र फोमचं काम वेगळं आहे. आपल्या मुलखात बाभूळ, बोर आणि सराटे सोडून जमीन सापडणं कठीण. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, तिथे तंबूचा तळ आणि पातळ नायलॉन काय करणार? जागा हाताने चाचपून झाडून घ्या, मग फोम खाली आणि हवेची वर. हीच रीत बर्फावरही ठेवा. जागा निवडताना यशवंत तलावाच्या अगदी काठाला किंवा खोलगटात तंबू लावू नका. थंड हवा जड असते, रात्री ती उताराने खाली येऊन खोलगटात साचते, आणि दवही तिथेच जास्त पडतं. थोड्या उंचावर, झाडांच्या आडोशाने, कोरड्या जमिनीवर लावा. मुक्कामासाठी वनखात्याची परवानगी आधी काढून ठेवा.

हवा तोंडाने भरू नका. श्वासातली वाफ आत जाते, थंडीत तिचं पाणी किंवा बर्फ होतं आणि पिसांची मॅट असेल तर पिसं ओली होऊन बसतात. मॅटबरोबर फुगवायची पिशवी येते तीच वापरा. संध्याकाळी भरलेली मॅट रात्री मऊ पडली की पंक्चर झालं असं वाटून जीव घाबरतो. तीस अंशांची हवा शून्यावर आली की तिचा दाब सुमारे दहावा हिस्सा कमी होतो, त्यामुळे हे व्हायचंच. झोपण्याआधी, मॅट तंबूत गार झाल्यावर, वरून थोडी हवा पुन्हा भरा. सकाळीही तितकीच मऊ राहिली तर पंक्चर नाही. पार बसली तर आहे. मग साबणाचं पाणी फिरवून बुडबुडा शोधायचा, जागा पुसून कोरडी करायची, तुकडा चिकटवून सुकू द्यायचं. पॅचचं पाकीट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी टाकू नका. आणि मॅट साफ बसली तरी फोम खाली आहेच, रात्र निभावते. दोन मॅट घ्यायला सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

खानदेशात मॅट खरी बिघडते ती एप्रिल-मेमध्ये, घरात पडून. आपल्याकडचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून कितीतरी तापतो. झडप बंद करून मॅट तिथे टाकली की आतली हवा फुगते, कप्पे जोडणारा चिकटा सुटतो आणि मध्येच एक मोठा फुगा उठतो. मग ती दुरुस्त होत नाही. उन्हात उभ्या गाडीतही हेच होतं. ट्रेकवरून आल्यावर सावलीत वाळवा, झडप उघडी ठेवा आणि न गुंडाळता पलंगाखाली पसरून ठेवा. ओलीच गुंडाळली तर आत बुरशी धरते.

मायच्या गोधडीबद्दल. तोरणमाळला गाडी तंबूपासून जवळ उभी करणार असाल तर गोधडी जरूर न्या आणि अंगावर, बॅगेच्या वरून घ्या. तिथे ती कुठल्याही महागड्या पांघरुणाला हार जाणार नाही. अंगाखाली घातली तर सुती कापड दाबलं जातं आणि जमिनीची ओल पितं. पाठीवर घेऊन बर्फात मात्र नको. एका गोधडीच्या वजनात तुमच्या दोन्ही मॅट आणि वर गरम कपड्यांचा एक जोड बसतो. लोकरीची घोंगडी घरात असेल तर ती ओल सहन करते, पण वजनाचा प्रश्न तिथेही तोच.

डबल मॅटचं राहिलं. वजन थोडं वाचतं, पण मी नको म्हणेन. एकीने कूस बदलली की दुसरी वर उचलली जाते, काटा लागला तर दोघींची झोप जाते, आणि सामान वाटून घेताना ती एकीच्याच पाठीवर येते. पुढच्या वर्षी एकटीने किंवा दुसऱ्या कोणाबरोबर जायचं झालं तर ती तुमची राहीलच असंही नाही. पाचही जणींना दोन-दोन मॅट परवडत नसतील, तर हवेची प्रत्येकीने आपली घ्या आणि फोमच्या जादा मॅट केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांक्री गावात भाड्याने मिळतात त्या घ्या. घेताना दिवसाउजेडी उघडून बघा, फाटलेली किंवा चेपून पातळ झालेली बदलून मागा. खरेदी नोव्हेंबरात उरका, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या गार रात्री शिरपुरातच गच्चीवर दोन्ही मॅट टाकून झोपून बघता येईल. काही खुपलं, वाजलं, हवा सोडली, तर बदलून घ्यायला तेव्हा हातात दिवस असतील.